विनाकंडक्टर बस: पैसे वाचतात का, आणि नेमके कुणाचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शहर बसमधून कंडक्टर काढायचा विषय निघाला की दोनच पार्ट्या पडतात. एक म्हणते जग कुठे चाललंय आणि आपण अजून तिकीट फाडतोय, दुसरी म्हणते गरिबाच्या पोटावर पाय. खर्चाचं आणि रोजच्या प्रवासाचं कुणी धड बोलत नाही, म्हणून जे प्रश्न सारखे सारखे येतात ते एका जागी घेतलेत. उदाहरणं जास्त मुंबईची आहेत कारण बेस्टने यातले बहुतेक प्रकार करून बघितलेत, बाकी जिथे लागलं तिथे एसटी, पुणे, लंडन आणलंय.

विनाकंडक्टर बस म्हणजे फक्त कंडक्टर नसलेली बस ना? त्यात समजून घेण्यासारखं काय आहे?

आहे, कारण कंडक्टर गेला तरी तिकीट काढायचं काम कुणीतरी करतंच, आणि ते कोण करतं यावर सगळं अवलंबून आहे. पहिला प्रकार म्हणजे कंडक्टर बसमधून उतरवून थांब्यावर उभा करायचा, तिथेच तिकीट काढा आणि मग चढा. दुसऱ्या प्रकारात मशीन ड्रायव्हरच्या हातात देतात, म्हणजे तोच ड्रायव्हर आणि तोच कंडक्टर. तिसरा म्हणजे दाराशी यंत्र, चढताना कार्ड किंवा मोबाईल लावा, उतरताना परत लावा. चौथा युरोपात बराच चालतो, तिथे कुणीच काही विचारत नाही, तुम्ही तिकीट काढलंय असं गृहीत धरतात आणि मधेच तपासनीस येऊन पकडतात, आणि पकडलं की दंड असा बसतो की वर्षभर लक्षात राहील.

या चारही प्रकारांना आपल्याकडे "विनाकंडक्टर" हे एकच लेबल लावून भांडण चालतं त्यामुळे कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळत नाही. एकजण पहिल्या प्रकारावर चिडलेला असतो आणि समोरचा तिसऱ्याची बाजू मांडत असतो.

मुंबईत हे कसं सुरू झालं?

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, आणि तेव्हापासून पुढची नव्वद एक वर्षं बस म्हटलं की कंडक्टर हे धरूनच चालायचं. डबल डेकरला तर दोन कंडक्टर लागायचे, एक खाली एक वर, आणि त्या बस महाग पडण्यामागचं ते एक कारण होतं.

चित्र बदललं २०१९ च्या आसपास. जुलै २०१९ मध्ये बेस्टने भाडं कमी केलं, साध्या बसचं किमान तिकीट ८ वरून ५ रुपये आणि एसीचं ६ रुपये, प्रवासी धडाधड वाढले पण तिकिटामागे मिळणारा पैसा कमी झाला. त्याच सुमारास कंत्राटदाराच्या छोट्या एसी बस आल्या. ५ रुपयांचं तिकीट विकायला पगारी माणूस ठेवायचा का असा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला असताच, आणि तो आला. मग काही मार्गांवर बसमधला कंडक्टर काढून थांब्यावर ठेवला, काही बस मधले थांबे सोडून धावायला लागल्या. डिसेंबर २०२१ मध्ये मोबाईलवर तिकीट काढायचं चलो ॲप आणि कार्ड आलं, एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण मुंबईत टॅप करून चढायच्या, टॅप करून उतरायच्या पूर्ण डिजिटल बस सुरू झाल्या. आता सगळी सरमिसळ आहे.

थांब्यावरच्या तिकिटाची मजा मात्र बघण्यासारखी असते. पावसाळ्यात बघा कधी. कंडक्टरच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मशीन, गळ्यात कॅशची बॅग, आणि रोल ओला होऊ नये म्हणून मशीनवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. रांगेत वीस माणसं. दहा जणांची तिकिटं होतात तोवर बस येते, मग उरलेले दहा जण अस्वस्थ, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागची बस त्याला हॉर्न मारतेय, आणि कंडक्टर ओरडतोय "थांब रे दोन मिनिटं!" आता हाच माणूस बसच्या आत असता तर बस निघाली असती आणि तिकिटं चालता चालता झाली असती. तिकिटापुरतं बघितलं तर कंडक्टर ठेवायचा फायदा एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे: बस धावत असताना तिकीट निघतं.

एका कंडक्टरचा खर्च तो काय असा असतो?

लोक एका माणसाचा पगार धरतात, तिथेच चूक होते. बस सकाळी पाचला निघते आणि रात्री अकराला आगारात परत येते, म्हणजे दोन शिफ्ट आल्या. त्यात साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण. साधारण एका बसमागे अडीच कंडक्टर धरावे लागतात. वर पीएफ, ग्रॅच्युइटी, गणवेश, मशीन, रोकड मोजणारे कारकून. म्हणून कंडक्टर काढला तर खर्च वाचतो हे अगदी खरं आहे, त्याला नाही म्हणण्यात अर्थ नाही, आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी बस कंपनीत पगार हा खर्चातला फार मोठा वाटा असतो.

पण वाचलेल्या पैशातून बाहेर काय जातं ते कुणी सांगत नाही.

मग हिशोब करून दाखवा की.

करतो. खालचे सगळे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. तुमच्या आगाराचे खरे आकडे मिळाले तर ते घालून बघा.

समजा एक मार्ग आहे. जाऊन येऊन १२० मिनिटं लागतात, दर १५ मिनिटाला बस हवी, म्हणजे ८ बस लागल्या. एका कंडक्टरचा सगळा मिळून खर्च महिना ४०,००० धरा, बसमागे अडीच, म्हणजे बसमागे १ लाख. ८ बसचे कंडक्टर काढले तर महिना ८ लाख वाचले. कागदावर झकास.

आता तिकीट ड्रायव्हर देणार. एका बाजूच्या फेरीत ६० माणसं चढतात, त्यातल्या निम्म्यांकडे पास किंवा कार्ड आहे, उरले ३०. सुट्टे, "कुठे जायचंय", "मेसेज आला का बघा" हे सगळं धरून माणशी १५ सेकंद, तेवढा वेळ बस उभी. ३० गुणिले १५ म्हणजे साडेसात मिनिटं, जाऊन येऊन १५ मिनिटं. फेरी झाली १३५ मिनिटांची. दर १५ मिनिटाला बस द्यायची तर आता ९ लागतात. नववी बस आणि तिचे ड्रायव्हर, हप्ता आणि पगार मिळून महिना सव्वादोन लाख धरू. डिझेल किंवा चार्जिंग फारसं वाढत नाही कारण एकूण किलोमीटर तेवढेच राहतात, पण बस आणि माणूस तर वाढला.

त्यानंतर गर्दीच्या तीन थांब्यांवर तिकीट द्यायला माणसं ठेवली, नाहीतर सकाळी ड्रायव्हर वेडाच होईल, तर ते ३ लाख. तपासनीसांच्या जोड्या वाढवल्या, चार माणसं, १ लाख ६० हजार. आठ लाखातले उरले १ लाख १५ हजार. आता समजा एका बसचा गल्ला दिवसाला ८,००० आहे, आठ बसचे महिन्याचे १९ लाख २० हजार झाले, आणि त्यातले फक्त ५ टक्के जास्त लोक बिनतिकीट जायला लागले तर ९६ हजार गेले.

उरले १९ हजार. आणि त्या मार्गावर टोकापासून टोकापर्यंत जाऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाचा दिवसाला पाव तास गेला तो वेगळा, तो कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

तुम्ही म्हणाल आकडे तुमच्या सोयीचे घेतलेत. बरोबर आहे, ३० ऐवजी ५ जणच रोख देणारे असतील तर उत्तर साफ उलटं येईल आणि तेच सांगायचंय. पैसे वाचणं न वाचणं हे कंडक्टर असण्यानसण्यापेक्षा रोख देणारे किती आणि मधले थांबे किती यावर ठरतं. आधी लोकांच्या हातात पास, कार्ड जाऊ द्या, मग कंडक्टर काढायचा विचार करा. आपल्याकडे हे उलट्या क्रमाने करतात.

ड्रायव्हरने तिकीट दिलं तर काय बिघडलं? बाहेर सगळीकडे देतात.

बाहेर देतात तिथे ड्रायव्हर बस उभी करून देतो आणि मागे रिक्षावाला कानाशी हॉर्न वाजवत नसतो. आपल्याकडे वेळापत्रक तेच ठेवतात आणि काम वाढवतात, मग तो काय करणार, एका हाताने सुट्टे मोजत दुसऱ्या हाताने स्टिअरिंग वळवणार. मोबाईलवर बोलत गाडी चालवली तर दंड आणि नोटा मोजत चालवली तर ड्युटी, असा प्रकार होतो.

त्यात भाड्याचे आकडेही सोयीचे हवेत. २०१९ मध्ये बेस्टच्या साध्या बसची भाडी ५, १०, १५, २० अशी ठेवली होती, एकदम सुटसुटीत. एसीची मात्र ६, १३, १९, २५. आता १३ रुपयांच्या तिकिटाला वीसची नोट आली की सात रुपये परत, तेही प्रत्येकाला! भाडं ठरवणाऱ्या माणसाला एक दिवस मशीन देऊन दादरला उभं करायला पाहिजे होतं. मे २०२५ मध्ये भाडं वाढलं, साधं किमान १० आणि एसी किमान १२. साध्याला नोट दिली की विषय संपला, एसीला वरचे दोन रुपये शोधत बसा.

बंगळुरूत आणि कर्नाटकात ड्रायव्हर-कम-कंडक्टर अशी भरतीच होते, माणूस दोन्ही कामांसाठी तयार करून घेतात. ते एकवेळ ठीक आहे. आहे त्या ड्रायव्हरच्या गळ्यात मशीन अडकवणं ही वेगळी गोष्ट.

कायद्याने कंडक्टर सक्तीचा नाही का?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम २९ सांगतं की स्टेज कॅरेजवर (म्हणजे टप्प्याटप्प्याने भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या बसवर) कंडक्टरचं काम करायचं तर कंडक्टरचं लायसन्स पाहिजे. त्याच कलमात पुढे राज्य सरकारला मुभा आहे की ड्रायव्हरनेच कंडक्टरचं काम केलं तर ही अट कधी लागणार नाही ते नियमाने ठरवावं. म्हणजे ड्रायव्हरने कंडक्टरचं काम करायची वाट कायद्यातच आहे, ती बेकायदा वगैरे नाही.

पण त्याच कायद्यात कंडक्टर म्हणजे कोण ते वाचा. भाडं गोळा करणारा, एवढंच तिथे लिहिलेलं नाही, प्रवाशांच्या चढण्याउतरण्यावर लक्ष ठेवणारा हेही लिहिलंय. तिकिटाचं काम मशीनने केलं, ठीक. मागच्या दारात साडी अडकलेली बाई उतरली की नाही हे कोण बघणार? दोनदा घंटी वाजली की निघायचं ही जी पद्धत आहे ना, ती अशीच आलेली नाही. विनाकंडक्टर बसमध्ये आरसे, मागचा कॅमेरा, आणि दार उघडं असताना बस हलणारच नाही अशी सोय हे तिन्ही चालू स्थितीत पाहिजे. "चालू स्थितीत" हे मुद्दाम म्हटलंय.

फुकटे वाढणार हे तर नक्की ना?

थोडेफार वाढू शकतात, पण तितकं सरळ नाही. एकतर कंडक्टर असताना गळती होतच नव्हती असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये. दहाचं अंतर, पाच दे, तिकीट नको, हा व्यवहार ज्याने बघितला नाही असा बसप्रवासी मिळणार नाही. कंडक्टर गेला की ही गळती थांबते आणि दुसरी सुरू होते.

दुसरं म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण. तिथे जुलै २०१२ पासून सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली, ड्रायव्हरला तिकीट दाखवायचं नाही, कार्ड लावा आणि बसा. सगळ्यांना वाटलं आता लूट होणार. दोन वर्षांनी बघितलं तर बिनतिकीट प्रवासी ९.५ टक्क्यांवरून ७.९ वर आले होते आणि माणशी थांब्यावर जाणारा वेळ ३८ टक्क्यांनी कमी झाला होता. कारण काय, तर त्यांनी सोबत तपासनीसही वाढवले होते. हा भाग आपल्याकडे प्रेझेंटेशनमधून गळतो.

आपल्याकडे कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे बिनतिकीट प्रवासाला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तपासनीस महिन्यातून एकदा दिसत असेल तर दंड ५०० असो की ५,०००, काय फरक पडतो.

लंडनमध्ये तर कंडक्टर कधीच गेले, तिथे काय झालं?

एका झटक्यात गेले नाहीत, चांगली चाळीस वर्षं लागली. १९६६ मध्ये तिथे रेड ॲरो नावाच्या बस आल्या, सरसकट सहा पेन्स भाडं, नाणं यंत्रात टाका आणि आत जा. मग हळूहळू एकेक मार्ग ड्रायव्हरच्या एकट्याच्या भरवशावर गेला, आणि तक्रार तीच आली जी आपल्याकडे येते, थांब्यावर बस खोळंबते. म्हणून गर्दीच्या मार्गांवर मागून उघड्या राउटमास्टर बस कंडक्टरसकट चालूच ठेवल्या. २००३ मध्ये टॅप करायचं ऑयस्टर कार्ड आलं, लोकांच्या खिशात ते रुळलं, आणि मग ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरच्या मार्गावरची शेवटची नेहमीची राउटमास्टर गेली. जुलै २०१४ पासून तर बसमध्ये रोख पैसे घेणंच बंद. हा क्रम बघा. गर्दीच्या मार्गांवर आधी कार्ड आलं आणि कंडक्टर नंतर गेला.

त्यानंतरची गंमत जास्त सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये नवी राउटमास्टर आणली, मागचं दार उघडं, तिथे उभा राहायला माणूस. हा माणूस तिकीट देत नव्हता, तिकीट तपासतही नव्हता, नुसता लोक नीट चढतात उतरतात का ते बघायचा. खर्च वर्षाला साधारण १ कोटी पौंड. २०१६ मध्ये तो बंद केला आणि मागचं दारही इतर बससारखं थांब्यावरच उघडायला लागलं. कंडक्टर असावा या मताचा मी असलो तरी हे पटतं, ज्याच्याकडे ना तिकिटाचं काम ना मशीन त्याला फक्त शोभेसाठी ठेवणं परवडत नाही.

आपली एसटी विनावाहक विनाथांबा किती वर्षं चालवतेय, तिथे कुणी ओरडत नाही. मग शहरातच का?

कारण तिथे थांबेच नाहीत! सातारा ते स्वारगेट घ्या. स्टँडवर खिडकीत तिकीट काढलं, बस भरली, दार बंद, थेट पुढचं स्टँड. मधे कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, सुट्ट्यांचा प्रश्न खिडकीत मिटला. वर खिडकीतला एक माणूस दिवसभरात कितीतरी बसची तिकिटं देतो, म्हणजे बसमागे एक असं राहिलंच नाही. इथे वाचलेला पैसा खराखुरा वाचलेला असतो आणि प्रवासीही खूश, लवकर पोचतो.

शहरातही असे मार्ग आहेत. स्टेशन ते ऑफिसांचा पट्टा, मेट्रो स्टेशन ते एखादी मोठी सोसायटी, दोन टोकांनाच गर्दी आणि मधे कुणी नाही. तिथे बिनधास्त कंडक्टर काढा. पण कुर्ला ते सांताक्रूझसारखा मार्ग, जिथे दर तीनशे मीटरवर दहा चढतात आठ उतरतात, तिथे हेच लावायला गेलात तर बोंब होणारच. आणि थांबे गाळून ते जमवलं तर बस रिकामी पळते आणि मधल्या थांब्यावर उभा असलेला माणूस नुसता हात दाखवत राहतो. मग तो शेअर रिक्षा पकडतो आणि परत कधी बसकडे फिरकत नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न विचारला की लगेच उत्तर येतं, भाजीवालीकडे पण यूपीआय आहे. आहे, पण ते पैसे घ्यायला आहे, आणि तेही बऱ्याचदा मुलाच्या नावावर. घरकाम करणारी बाई चार घरं करून निघते तेव्हा हातात दहाच्या नोटा असतात, फोनचा बॅलन्स संपलेला असतो किंवा चार्जिंग.

एका शहरातल्या बसमध्ये (नाव राहू दे) बघितलेला प्रकार. सत्तरीच्या एक काकू पुढच्या दाराने चढल्या, हातात दवाखान्याची फाईल आणि वीसची नोट. ड्रायव्हर म्हणाला काकू इथे कॅश नाही घेत, खालून तिकीट काढा. खाली तिकीट देणारा जेवायला गेलेला. काकू म्हणे मग मी काय करू, तो म्हणे मी काय करू, आणि खरंच दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मागच्या एका कॉलेजच्या पोराने स्वतःच्या फोनवरून त्यांचं तिकीट काढलं आणि नोट घेतली. सगळी बस दोन मिनिटं उभी. हे त्या पोराच्या भलेपणावर चाललं, व्यवस्थेच्या नाही.

उपाय अवघड नाही. रोखीने भरता येणारं कार्ड, आणि ते भरून देणारा थांब्याशेजारचा पानवाला नाहीतर किराणावाला, त्याला थोडं कमिशन. दिवसाचा पास आदल्या दिवशीही विकत मिळायला पाहिजे. पुण्यात जून २०२५ पासून दिवसाचा पास ७० रुपये झाला, आधी ४० होता. कंडक्टर कमी करायचे असतील तर पास स्वस्त ठेवून जास्तीत जास्त लोकांना पासवर आणावं लागतं, आणि इथे पास महाग करून लोकांना परत सुट्ट्या तिकिटाकडे ढकलतायत. कुणाला काही ताळमेळ आहे का?

सवलतीच्या आणि फुकट तिकिटाचं काय? ते फुकटच आहे, मग तिकीट कशाला?

उलट तिथे तिकीट जास्त महत्त्वाचं. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. उरलेले पैसे सरकार एसटीला देतं, आणि किती द्यायचे हे मशीनमधून निघालेल्या तिकिटांवरून ठरतं. शून्य रुपयाचं तिकीट निघालं नाही तर तो प्रवासी सरकारदरबारी प्रवास केलेलाच नसतो. एसटीच्या विनावाहक गाडीत ते खिडकीत होऊन जातं. शहर बसला अशी सवलत आणली आणि कंडक्टरही काढला तर वयाचा पुरावा बघून शून्याचं तिकीट कोण काढणार, ड्रायव्हर? तो नाही काढणार, "बसा आजी" म्हणेल आणि गाडी सोडेल, आणि कंपनीचा तोटा वाढलेला दिसेल.

कंडक्टर नसला की बायकांना असुरक्षित वाटतं, हे खरं की उगीच?

गर्दीत त्रास देणाऱ्याला "ए, पुढे सरक" म्हणणारा, गणवेशातला, बसमध्ये फिरणारा माणूस असणं आणि नसणं यात फरक पडणारच. कंडक्टर काही पोलीस नाही, आणि सगळे कंडक्टर धावून जातात असंही नाही. पण रात्री साडेदहाला शेवटच्या टप्प्यात बसमध्ये तीन माणसं उरलेली असताना तिकिटाची बॅग घेतलेला एक मामा मागच्या सीटवर हिशोब करत बसलेला असला की बरं वाटतं, असं मला ज्या ज्या बायकांना विचारलं त्यांनी सांगितलं. कॅमेरा असतो हो, पण कॅमेरा नंतर कामाला येतो.

राखीव सीटवरून उठवणं, आंधळ्या माणसाला त्याचा थांबा सांगणं, व्हीलचेअरचा रॅम्प उघडून देणं ही पण कामं आहेत. लो फ्लोअर बसला हाताने उघडायचा रॅम्प असेल तर ड्रायव्हरने सीट सोडून, बस बंद करून यायचं? ऐन गर्दीत तो येत नाही, आणि व्हीलचेअरवाला माणूस बस वापरायचं सोडून देतो.

मेट्रोत कुठे कंडक्टर असतो?

मेट्रोत स्टेशन असतं, गेट असतं, तिकीट खिडकी असते, सिक्युरिटी असते. गाडीतला कंडक्टर वाचला तरी स्टेशनभर माणसं ठेवलेली असतात. तुलना करायची तर ती सगळी माणसं मोजून करा.

भाड्याच्या बसचा आणि कंडक्टरचा काय संबंध?

मोठा संबंध आहे आणि यावर फार कमी बोललं जातं. वेट लीजच्या बसमध्ये बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची, आणि कंपनी त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. मुंबईत ही पद्धत आली तेव्हा अशा बसमध्ये बेस्टचा स्वतःचा माणूस म्हणजे फक्त कंडक्टर. बस थांब्यावर थांबली नाही, एसी बंद आहे, फेरीच रद्द झाली, हे कंपनीला आतून सांगणारा तो एकटाच. त्याला काढला की बसमध्ये कंपनीचं कुणीच उरत नाही, आणि किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्याला थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचं काय पडलंय? तो प्रवासी चढला काय न चढला काय, त्याचा किलोमीटर झालाच. जीपीएसने बस कुठे आहे ते कळतं, थांब्यावरचे दहा जण सोडून आली हे कळत नाही.

ज्यांना कंडक्टर काढायचाय त्यांनी आधी कंत्राटात थांबा सोडण्याचा दंड घालावा आणि तो खरोखर वसूल करावा.

मग आहेत त्या कंडक्टरांचं काय?

कुठलीच सरकारी कंपनी कायम नोकरीतल्या कंडक्टरला एका दिवसात घरी पाठवत नाही. होतं काय तर निवृत्त झालेल्यांच्या जागा भरत नाहीत, उरलेल्यांना थांब्यावर, आगारात, तपासणीला लावतात. म्हणजे जो पगार वाचणार म्हणून हे सगळं सुरू केलं तो पहिली कितीतरी वर्षं वाचतच नाही, नुसता दुसऱ्या खात्यात दिसतो. आणि ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावी करून बिल्ला काढून या नोकरीची वाट बघतेय, तिच्यासाठी मात्र दार आजच बंद होतं. एसटीमध्ये कितीतरी बायका कंडक्टर म्हणून लागल्या, गावाकडच्या पोरींना गणवेशातली सरकारी नोकरी मिळायचा तो एक सरळ रस्ता होता. तिकीट द्यायचं काम उरलं नाही तरी त्यातल्या बऱ्याच जणींना तपासनीस, थांब्यावरची मदतनीस, कंट्रोल रूम इथे घेता येईल, पण त्यासाठी पदं तयार करावी लागतात.

आमच्या मार्गावर विनाकंडक्टर बस सुरू होणार असं ऐकलंय. काय करू?

आगार व्यवस्थापकाला किंवा तुमच्या नगरसेवकाला चार गोष्टी लेखी विचारा. मधले कुठले थांबे गाळणार? रोख पैसे असलेल्याने तिकीट कुठून काढायचं, आणि सकाळी सहाला आणि रात्री दहाला पण तिथे कुणी असणार का? फेरीला आत्ता किती मिनिटं लागतात आणि सुरू झाल्यावर महिन्याने किती लागली ते थांब्यावर लावणार का? तपासनीस किती वाढवले? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. आणि तोवर कार्ड काढून ठेवा, तेवढाच ड्रायव्हरला त्रास कमी.